तर्रीचा घास आणि जिभेच्या नसा

रात्रपाळी सुटली की मोशीत नाशिक रस्त्याच्या कडेला मिसळ खाणाऱ्यांची गर्दी होते. पहिला घास पोटात जातो न जातो तोच माणूस म्हणतो, "झणझणीत आहे, मीठही बरोबर पडलंय." वाक्य एकच, पण त्यातलं मीठ आणि तिखट मेंदूपर्यंत निरनिराळ्या नसांनी पोचलेलं असतं.

तर्रीचा थेंब नुसता ओठाला लावून पाहा. ओठावर रुचिकलिका नसतात, त्यामुळे खारट-आंबट काही कळत नाही. झोंबतं मात्र नक्की. मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तरी तीच आग. कारण तिखट ही चवच नव्हे, ती भाजल्याची वर्दी आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन नसेच्या टोकावरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

पुढची रचना चाकणला गाड्यांच्या वायरिंग हार्नेसवर काम करणाऱ्याला चटकन कळेल. हेडलाइटची आणि हॉर्नची वायर एकाच स्लीव्हमधून जाते, पण सर्किटं वेगळी. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागात असंच आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवीचा फाटा स्पर्श, गरम-थंड आणि तिखट नेतो. चव नेते ती सातवीची नाजूक फांदी, कॉर्डा टिम्पनी. दोघी जिभेपासून एकत्र निघतात, मग कॉर्डा टिम्पनी वेगळी होऊन मधल्या कानात शिरते आणि पडद्याला लागून, हातोडी व ऐरण या इवल्या हाडांमधून पुढे जाते. चवीची वाट कानातून जावी, याचं मला आजही नवल वाटतं. कानाच्या ऑपरेशनमध्ये ही नस ताणली गेली, तर काहींना जिभेच्या त्याच बाजूला लोखंडासारखी चव येते, ती यामुळेच.

जिभेच्या मुळाशी मात्र नववी नस चव आणि स्पर्श दोन्ही सांभाळते. गर्भात जिभेचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या उंचवट्यांतून वाढून जोडला जातो, म्हणून ही वाटणी. अगदी घशाजवळची थोडी जागा दहावीकडे. टोकाला गोड आणि मागे कडू हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे. सगळ्या चवी सगळीकडे कळतात.

सातवी, नववी आणि दहावीने आणलेली चव मेंदूच्या देठात एका ठिकाणी उतरते, तिथून थॅलॅमस आणि मग इन्सुला. उंदराच्या मेंदूत वाटेत आणखी एक थांबा असतो. नसांचा मूळ आराखडा गाय, कुत्रा, माणूस सर्वांत सारखाच. मांजराच्याही नसा शाबूत आहेत, पण गोडाच्या ग्राहकाचं एक जनुक निकामी असल्याने त्याला साखर कळत नाही.

खालची दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनने बहुधा जिभेची ती बाजूही बधिर होते, कारण पाचवीचा हा फाटा तिथूनच जातो. तेवढे तास गरम चहा पिऊ नका आणि काही चावूही नका. जीभ भाजली किंवा दाताखाली आली तरी समजणार नाही.