न बदलणारा ‘बदलता’ पत्ता

माझे एक स्नेही नोकरीनिमित्त वडोदऱ्यास गेले आणि तेथेच स्थायिक झाले. बेळगावचे वडिलोपार्जित घर मात्र त्यांनी विकले नाही. त्या बंद घरावर दुरून नजर राहावी म्हणून त्यांनी तेथे ब्रॉडबँड जोडणी घेतली, एक कॅमेरा बसविला आणि त्या जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ते घर ज्या आकड्यांनी ओळखले जाते ते आकडे, वहीत टिपून ठेवले. हा पत्ता ‘डायनॅमिक’, म्हणजे बदलता आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. पण वर्ष उलटले तरी त्यातील एक आकडा बदलला नाही. मग पावसाळ्यातील एका रात्री चित्र एकाएकी दिसेनासे झाले. घर फोडले की काय, या धास्तीने त्यांनी बेळगावच्या शेजाऱ्यांना झोपेतून उठविले. शेजारी बॅटरी घेऊन घराभोवती फिरून आले. कुलुपे जागच्या जागी होती आणि राउटरचा दिवाही खिडकीतून लुकलुकत होता. बदलला होता तो केवळ पत्ता!

त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पत्ता बदलता असेल, तर तो वर्षभर का बदलला नाही? आणि तो बदलतच नसेल, तर त्या रात्री का बदलला?

‘बदलता’ हे नाव सार्थ वाटावे, असा एक काळ होता. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा टेलिफोन फिरवून जोडणी मिळवावी लागे. काम संपले की ती तुटे, आणि तोच पत्ता दुसऱ्याला दिला जाई. थोड्या पत्त्यांवर पुष्कळ ग्राहकांची सोय होई ती अशी. आज घरोघरचे राउटर रात्रंदिवस चालू असतात. पत्ता मोकळाच होत नाही. मग तो दुसऱ्याला द्यावयाचा कसा?

पण खरे कारण पत्ता देण्याच्या रीतीतच आहे. या रीतीला ‘डीएचसीपी’ म्हणतात. तिचे नियम १९९३ साली प्रसिद्ध झाले व १९९७ साली सुधारण्यात आले. या नियमांप्रमाणे पत्ता मिळतो तो मुदतीच्या भाडेपट्ट्याने. समजा, मुदत २४ तासांची आहे. राउटर ती संपण्याची वाट पाहत बसत नाही. निम्मी मुदत सरताच, म्हणजे १२ तासांनी, तो कंपनीच्या यंत्राकडे मुदतवाढ मागतो. उत्तर न आल्यास पुनःपुन्हा विचारतो. २१ तास झाले की जे कोणते यंत्र ऐकेल त्याच्याकडे मागणी करतो. मुदतवाढ मिळाली की पुढचे २४ तास पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचे. दर अकरा महिन्यांनी करार नवा करून भाडेकरूने त्याच खोलीत वीस वर्षे काढावीत, तसाच हा प्रकार होय.

वीज काही तास गेली तरीही बहुधा बिघडत नाही. राउटर पुन्हा चालू होताच आपला जुना पत्ताच मागतो. मुदत संपून गेलेली असली, तरी तो पत्ता रिकामा असेल तर त्याच ग्राहकाला द्यावा, अशी नियमांचीच शिफारस आहे. पत्ता टिकतो तो योगायोगाने नव्हे. तो टिकावा अशीच योजना आहे.

मग तो बदलतो केव्हा? नवा राउटर आणला की कंपनीच्या यंत्राला ग्राहकच नवा वाटतो. घर दीर्घकाळ अंधारात राहिले, तर जुना पत्ता दुसऱ्याकडे जातो. जेथे राउटर नाव व परवलीचा शब्द देऊन जोडणी मिळवितो, तेथे जोडणी तुटून पुन्हा लागताना नवा पत्ता मिळू शकतो. आणि कंपनीने पत्त्यांची फेरवाटणी केली, तर ग्राहकाच्या हाती काहीच राहत नाही. बेळगावात घडले ते हेच. त्या रात्री त्या भागातील यंत्रे बदलण्यात आली होती.

यात आणखी एक गुंता आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. अशा घरी केवळ त्या पत्त्याने बाहेरून पोहोचता येत नाही. राउटरमध्ये दिसणारा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता ताडून पाहिले की हे बहुधा कळून येते.

‘डायनॅमिक’ या शब्दाचा अर्थ ‘सतत बदलणारा’ असा नाही; ‘कायम राहील अशी हमी नसलेला’ असा आहे. जमिनीच्या बाबतीत दीर्घ वहिवाटीने काही हक्क उत्पन्न होतात. येथे होत नाहीत. ज्यांना हमीच हवी, त्यांनी जादा शुल्क भरून स्थिर पत्ता घ्यावा. अन्यथा आकड्यांऐवजी एक नाव घेऊन ठेवावे आणि पत्ता बदलताच राउटरने तो त्या नावापुढे आपोआप नोंदवावा, अशी व्यवस्था करावी. माझ्या स्नेह्यांनी हा दुसरा मार्ग पत्करला आहे. वहीतील आकड्यांवर त्यांनी काट मारली आहे, आणि बेळगावच्या शेजाऱ्यांची झोपमोड त्यानंतर झालेली नाही.