देखणे हॉटेल आणि सुखाचे हॉटेल

मोशीहून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघाले की जुन्या शेतांच्या जागी कारखाने, गोदामे आणि त्यांच्यामधून डोके वर काढणारी नवी हॉटेले दिसू लागतात. मोशीला डिसेंबरात शेतीचे मोठे प्रदर्शन भरते, चाकणच्या मोटार कारखान्यांत देशोदेशींचे तंत्रज्ञ येत-जात असतात. तेव्हा हॉटेले ही हवीतच. लग्नकार्याच्या निमित्ताने आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचे पायही आता तिकडे वळतात. दर्शनी भागातली काच आणि दिवाणखान्यातले झुंबर पाहून मुले हरखून जातात. पण रात्री खोलीची खिडकीच उघडत नाही म्हणून आजोबा तळमळत पडतात. हॉटेल देखणे असणे वेगळे आणि त्यात राहणे सुखाचे असणे वेगळे, हे अशा वेळी पटते.

ही जोडी जमावी कशी, या प्रश्नाची दोन उत्तरे मुंबईत जवळजवळच उभी आहेत. एक काळा घोडा भागातले वॉटसन हॉटेल आणि दुसरे अपोलो बंदरावरचे ताजमहाल.

लोखंडाचा महाल

वॉटसन हॉटेल 1867 ते 1869 या काळात उभे राहिले. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड छपराच्या कामातही याचा हात होता. हॉटेलचे लोखंडी खांब आणि तुळया विलायतेत ओतून, जहाजाने आणून येथे जोडल्या. भिंतींवर भार न टाकता सगळी इमारत लोखंडी सांगाड्यावर तोलायची, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती. भोवताली रुंद सज्जे असल्याने ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच अडे. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दिसली तीही येथेच, 7 जुलै 1896 रोजी, एक रुपया तिकिटात!

पण या हॉटेलात दोन उणिवा होत्या. पहिली माणुसकीची. पाहुणचार गोऱ्यांसाठीच होता. दुसरी लोखंडाची. खाऱ्या हवेत लोखंडाला सतत खरवडावे लागते, रंगवावे लागते. घरच्या गॅलरीचे गज दोन पावसाळे विसरले तर काय होते, हे मुंबईकर गृहिणीला सांगायला नको. ताजमहाल आल्यावर वॉटसनची सद्दी संपली. पुढे त्याच्या खोल्या पाडून कचेऱ्या आणि बिऱ्हाडे झाली, नाव ‘एस्प्लनेड मॅन्शन’ पडले, आणि देखभाल मागे पडत गेली. 2005 साली सज्जांचा काही भाग कोसळला, 2006 मध्ये जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचे नाव आले आणि 2019 साली रहिवाशांना घरे सोडावी लागली. आराखडा उत्तम होता, पण तो जपण्याची तजवीज कोणी केली नाही.

वाऱ्याचा वाडा

जमशेटजी टाटांनी ताजमहाल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. वॉटसनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी हे बांधले, अशी कथा आहे. तिला भक्कम पुरावा मात्र नाही. या वास्तूचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरे होण्यापूर्वीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले. घुमटाकडे माना उंचावणाऱ्या किती मराठी माणसांना वैद्यांचे नाव ठाऊक असेल?

आराखड्याच्या गुणांत पहिला गुण दिशेचा. दोन बाजू शहराकडे, म्हणजे पश्चिमेकडे पसरलेल्या, त्यामुळे वारा आत शिरावा. आणि मागची लांब बाजू बंदराकडे, म्हणजे अधिकाधिक खोल्यांना समुद्र दिसावा. मूळ दार शहराच्याच बाजूला होते. पुढे ते बंद झाले, तेथे पोहण्याचा तलाव आला, आणि ‘वास्तू चुकून उलटी बांधली म्हणून शिल्पकाराने जीव दिला’ ही दंतकथा जन्मली. ती निव्वळ कथा आहे.

उणिवा येथेही आहेत. सगळ्याच खोल्यांना समुद्र लाभत नाही. शेजारी 1973 साली उठलेला मनोरा जुन्या घुमटाशी जुळत नाही असे अनेकांना वाटते. आणि दर असे, की सामान्य कुटुंबाने गेटवेवरून पाहूनच समाधान मानावे. तरीही वास्तू टिकली, कारण ती कामाला येत राहिली आणि तिची निगा राखली गेली. पहिल्या महायुद्धात तेथे सहाशे खाटांचे रुग्णालय होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात घुमटाखालचा भाग पेटला, त्या रात्री अनेक कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या जिवाआधी पाहुण्यांचा जीव पाहिला, आणि 15 ऑगस्ट 2010 रोजी जुना भाग पुन्हा उघडला. झुंबर विकत आणता येते. अशी माणसे आणता येत नाहीत.

आपण काय पाहावे?

पश्चिमेला तोंड करून उभी असलेली उघडी काच दुपारभर ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर सोडत नाही. मग यंत्राने गारवा करायचा आणि त्याचे बिल पाहुण्याच्या माथी! तेव्हा पुढच्या वेळी कार्यासाठी हॉटेल ठरवताना झुंबराबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्या. खिडकी उघडते का? तिच्यावर सावली आहे का? आजी-आजोबांना जिना सोसेल का? आणि भिंतीवरचा ओलाव्याचा डाग नुसत्या रंगाखाली झाकला आहे, की खरोखर दुरुस्त केला आहे? या प्रश्नांना हसतमुखाने उत्तरे देणारे हॉटेल थोडे कमी देखणे असले, तरी खुशाल खोल्या ठरवाव्या.