वार्षिकाचें जालावरील घर : ‘जँगो’ची ओळख

शाळेचें वार्षिक हातीं पडलें म्हणजे विद्यार्थी प्रथम आपलें नांव शोधतो, पालक आपल्या पाल्याचें छायाचित्र शोधतात, आणि मग अंक कपाटांत जातो. पांच वर्षांनीं त्यांतील एखादा लेख पुन्हा पाहूं म्हटलें तर तो सांपडत नाहीं. बार्शीटाकळीच्या कालिकेच्या हेमाडपंती देवळावर कोणी लिहिलेलें असतें. कोणी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या मीटर गेज गाडीच्या आठवणी उतरून घेतलेल्या असतात. कोणी कपाशीवरील बोंडअळीचा घरचा अनुभव सांगितलेला असतो. असें लिखाण दुसरीकडे कोठें मिळावयाचें नसतें. तें आंतरजालावर नीट मांडून ठेविलें तर पुण्यामुंबईस गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसहि वाचतां येईल. हें काम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस स्वतः करतां येण्यासारखें आहे. तें कसें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. आणि मराठी लिहिणारास त्या वाटेवर एके ठिकाणीं जो खड्डा लागतो, तो जरा सविस्तर दाखविण्याचा आहे.

या कामाचें साधन ‘जँगो’ नांवाचें आहे. तें पायथन या भाषेंत लिहिलेलें आहे. ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केली. (तिचें नांव अजगरावरून पडलें असें पुष्कळांस वाटतें, परंतु तें एका विनोदी इंग्रजी नाटकमंडळीवरून घेतलेलें आहे.) जँगोचा जन्म मात्र एखाद्या विद्यापीठांत झाला नाहीं, तर वृत्तपत्राच्या कचेरींत झाला, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत लॉरेन्स नांवाचें शहर आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या पत्राच्या कचेरींत २००३ सालीं एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे दोघे जालावरील पानें तयार करण्याचें काम करीत होते. आज सांगितलेलें पान आजच हवें, ही वृत्तपत्राची घाई त्यांच्या मागें असे. तेंच तें काम प्रत्येक वेळीं मुळापासून करण्यापेक्षां सर्वांस सामाईक असा एक सांगाडा त्यांनीं तयार केला, व जुलै २००५ मध्यें तो जगास विनामूल्य खुला केला. जँगो राइनहार्ट हा एक प्रख्यात गिटारवादक होता. १९२८ सालच्या आगींत त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं, तरी उरलेल्या बोटांनीं त्यानें नवीच वादनपद्धति घडविली. त्याचेंच नांव या साधनास दिलें आहे.

आपल्याकडेहि या साधनाचा उपयोग होत आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील ‘फॉसी’ या प्रकल्पानें परीक्षा घेण्यासाठीं ‘यक्ष’ नांवाची जी योजना केली, ती जँगोवरच उभी आहे. प्रश्न विचारणारास हें नांव किती शोभतें, तें महाभारत वाचलेल्यांस सांगावयास नको. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांत पायथनचे पाठ मराठींतूनहि ऐकावयास मिळतात.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आज्ञा रोमी लिपींत लिहावयाच्या असतात. येथें आम्ही त्यांचा केवळ उच्चार देत आहों. प्रथम संगणकावर पायथन बसवावा. मग या कामापुरती त्याची एक स्वतंत्र खोली करावी. तीस व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. एका कामास जँगोची जुनी आवृत्ति लागते, दुसऱ्यास नवी. खोल्या निराळ्या असल्या म्हणजे भांडण होत नाहीं. त्या खोलींत ‘पिप इन्स्टॉल जँगो’ ही आज्ञा दिली कीं साधन हातीं येतें. नंतर ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट’ या आज्ञेपुढें आपण ठरविलेलें नांव द्यावें, म्हणजे सबंध घराचा पाया पडतो; आणि ‘स्टार्टॲप’ या आज्ञेनें त्या घरांतील एक दालन उभें राहतें. आपलें दालन लेखांचें. पुढें क्रीडावृत्ताचें किंवा ग्रंथालयाचें दालन हवेंसें वाटलें तर तें त्याच घरांत जोडतां येतें.

‘रनसर्व्हर’ ही आज्ञा देऊन संगणकावरच पान उघडलें असतां एक उडतें रॉकेट दिसतें. तें दिसलें म्हणजे पाया ठीक आहे असें समजावें. तें पान त्या एकाच संगणकापुरतें असतें. जगास तें अजून दिसत नाहीं, म्हणून तेथें मोडतोड करण्यास भिऊं नये.

यानंतर ‘सेटिंग्ज’ नांवाची फाइल उघडावी. नव्या दालनाचें नांव तेथील यादींत घालावें लागतें. तें न घातल्यास जँगो त्या दालनास ओळखच दाखवीत नाहीं. तेथेंच घड्याळाचीहि नोंद असते. मूळची वेळ ग्रिनिचची असते, म्हणजे आपल्या वेळेहून साडेपांच तास मागें. पहांटे चार वाजतां चढविलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख पडावी अशी इच्छा नसेल, तर तेथें कोलकात्याची वेळ लिहावी. भाषेच्या जागीं मराठीचीं दोन रोमी अक्षरें, ‘एम्’ व ‘आर्’, लिहितां येतात.

मग खरें काम सुरू होतें, तें म्हणजे लेख म्हणजे काय हें संगणकास समजावून देणें. आपणांस तें ठाऊकच असतें. त्यास कांहींच ठाऊक नसतें. शीर्षक म्हणून एक ओळ, तिची मर्यादा दोनशें चिन्हें, मजकूर म्हणून कितीहि लांब लिखाण, लेखकाचें नांव, तारीख, आणि ‘प्रसिद्ध करावा कीं नाहीं’ या प्रश्नाचें होय किंवा नाहीं एवढेंच उत्तर. या वर्णनास मॉडेल म्हणतात. ‘मेकमायग्रेशन्स’ या आज्ञेनें त्याचा आराखडा कागदावर येतो, व ‘मायग्रेट’ या आज्ञेनें तो माहितीच्या कोठारांत प्रत्यक्ष उतरतो. सुताराकडून आधीं कपाटाचें रेखाटन घ्यावें व तें पसंत पडल्यावर लांकडास करवत लावावयास सांगावें, तसें हें आहे. उद्यां लेखाबरोबर इयत्ताहि नोंदवावी असें मनांत आलें, तर मॉडेलांत एक ओळ वाढवून याच दोन आज्ञा पुन्हा द्याव्या; जुने लेख जागचे हलत नाहींत.

जँगोचें सर्वांत मोठें देणें म्हणजे त्याबरोबर आयती मिळणारी संपादकाची खोली. तीस ॲडमिन म्हणतात. वृत्तपत्राच्या कचेरींत बातमी लिहिणारांस संगणकाची भाषा येत नसे. त्यांस लिहितां, तपासतां व प्रसिद्ध करतां यावें म्हणून ही खोली झाली. आपल्या शाळेंतहि अगदीं तीच स्थिति आहे. ‘क्रिएटसुपरयूझर’ या आज्ञेनें मुख्य किल्ली आपल्या हातीं येते. मग मराठीच्या शिक्षकांस एक किल्ली द्यावी व त्यांनीं लेख तपासून ‘प्रसिद्ध’ या चौकोनांत खूण करावी. त्यांस पायथनचें एक अक्षरहि शिकावें लागत नाहीं.

वाचकापुढें पान येतें तें तीन हातांतून येतें. वाचकानें कोणता पत्ता मागितला तें एक फाइल पाहते; त्या पत्त्यास कोणता लेख द्यावयाचा तें दुसरी ठरविते; आणि तो कशा मांडणींत दाखवावयाचा तें तिसरींत लिहिलेलें असतें. या तिसरीस टेम्प्लेट म्हणतात. मजकुरांत कोणी खोडसाळपणानें आज्ञा दडविल्या तरी टेम्प्लेट त्या आज्ञा म्हणून न चालवितां साधीं अक्षरें म्हणून दाखवितें. ही काळजी जँगो आपण होऊन घेतो.

खड्डा लागतो तो पत्त्यापाशीं. लेखाच्या पत्त्यांत त्याच्या शीर्षकावरून केलेलें एक आटोपशीर नांव घालण्याची रीत आहे. त्यास ‘स्लग’ म्हणतात. हाहि वृत्तपत्राच्या धंद्यांतलाच शब्द आहे. शीर्षकावरून स्लग तयार करणारें एक यंत्र जँगोंत आहे. त्यास इंग्रजी शीर्षक दिलें तर काम चोख होतें. मराठी शीर्षक दिलें तर हातीं कांहींच येत नाहीं, कोरी जागा येते. कारण त्यास फक्त रोमी अक्षरेंच ओळखतात. बरें, इतर लिप्यांस परवानगी देण्याची एक कळ आहे, ती दाबावी तर काय होतें? ‘बार्शीटाकळी’ असें लिहिलें तर ‘बरशटकळ’ असें बाहेर पडतें!

असें कां व्हावें? संगणकाच्या हिशेबीं ‘बा’ हें एक अक्षर नव्हे. ‘ब’ हें अक्षर व काना हें त्यास जोडलेलें चिन्ह, अशीं तीं दोन आहेत. ‘बार्शीटाकळी’ या पांच अक्षरांच्या नांवांत अशीं अकरा चिन्हें भरतात. पायथन ज्या कसोटीनें शब्दांतील अक्षर ओळखतो, तींत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त बसत नाहींत. म्हणून यंत्र तीं कचरा समजून झाडून टाकतें. यामुळें नुसतें रूप बिघडतें असेंहि नाहीं. काळ, केळी, कोळी, कळा या चारहि शब्दांचा ‘कळ’ होतो. एकानें केळीच्या बागेवर लिहिलें व दुसऱ्यानें कोळ्यावर, आणि दोघांचा पत्ता एकच! मराठीस मात्रा म्हणजे शोभेची झालर नव्हे, हें लॉरेन्सच्या त्या दोघां गृहस्थांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आपणांस तें ठाऊक आहे, आणि साधन उघडें असल्यामुळें उपायहि आपल्याच हातीं आहे. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं मराठीचे खिळे सुबक केले. तेथेंच लहानपणीं कामास लागलेले जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना काढून ती विद्या कळसास नेली. परक्या यंत्रास आपल्या काना-मात्रा शिकविण्याचें काम आपल्याकडे नवें नाहीं.

उपाय तीन आहेत. स्लगचें यंत्र बाजूस ठेवून मात्रा जपणारें स्वतःचें यंत्र लिहावें, हा पहिला. परंतु मग जँगोची तपासणीहि बदलावी लागते, कारण तीहि तीच कसोटी वापरते. शिवाय असा पत्ता दुसऱ्यास पाठवितांना बहुधा उलगडून रोमी चिन्हांत जातो, आणि देवनागरीच्या दर चिन्हाचीं नऊ चिन्हें होतात; एकट्या ‘बार्शीटाकळी’चीं नव्याण्णव! दुसरा उपाय, संपादकानें रोमी लिपींत नांव हातानें लिहावें. तिसरा, नांवाच्या भानगडींत न पडतां लेखाचा अनुक्रमांकच पत्त्यांत घालावा. आम्ही या तिसऱ्याच्या बाजूचे आहों. क्रमांकाची पुनरुक्ति होत नाहीं, शीर्षक मागाहून सुधारलें तरी पत्ता बदलत नाहीं, आणि पानाच्या माथ्यावर मराठी शीर्षक काना-मात्रेसह पूर्ण उभें असतें. तें तेथें असणें हेंच महत्त्वाचें.

पालकांस दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. घर जगास खुलें करण्यापूर्वीं ‘डीबग’ ही सेटिंग बंद असल्याची खात्री विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. ती चालू राहिली तर कोठें चूक होतांच आंतली पुष्कळ माहिती परक्यापुढें उघडी पडते. ‘सीक्रेट की’ नांवाची गुप्त खूण तर कोणासहि दाखवूं नये. दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. घरचा पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक लेखाखालीं मुळींच देऊं नये, आणि छायाचित्र घालण्यापूर्वीं पालकांची लेखी संमति घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ सालीं झाला, त्यांतहि अठरा वर्षांखालील मुलांसंबंधानें पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मॉडेलांत जें खणच ठेविलें नाहीं, त्यांत भरलेलें कांहीं फुटण्याची भीति नसते. म्हणून दूरध्वनीचें खण मुळांतच करूं नये.

आरंभीं जँगो सर्व लेख ‘एस्क्यूलाइट’ या पद्धतीच्या एकाच फाइलींत ठेवतो. लहान शाळेस ती पुष्कळ दिवस पुरते. तिची नक्कल करून दर शनिवारीं एका निराळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाच्या खोलींत न ठेवतां ग्रंथपालांच्या कपाटांत, जुन्या वार्षिकांच्या शेजारीं ठेवावा.