‘आपल्याला काही मिळत नाही’ : प्रवेश, नोंदणी आणि शिष्यवृत्तीबद्दलचे गैरसमज

बारावीचा निकाल लागला की नगर जिल्ह्यातल्या घराघरांत हिशेब सुरू होतो. फी किती, खोलीभाडे किती, मेस किती, एसटीचा पास किती. या हिशेबात शिष्यवृत्तीचा आकडा बहुतेक घरी धरलेलाच नसतो, कारण ‘आपल्याला काही मिळत नाही’ हे आधीच ठरून गेलेले असते. हे ठरवले कोणी? तर पूर्वी कधीतरी अर्ज करून थकलेल्या शेजारच्या मुलाने, नाहीतर पारावर बसलेल्या कुणीतरी. प्रवेशाच्या दिवसांत मी मुलांचे अर्ज भरून द्यायला बसतो. माझे ठाम मत झाले आहे की, अपात्र ठरल्यामुळे जितकी मुले मदतीला मुकतात, त्याहून जास्त मुले अर्जच न केल्यामुळे किंवा केलेल्या अर्जाकडे पुन्हा न बघितल्यामुळे मुकतात.

त्यात मुलांचा दोष थोडा. नगर म्हणजे आताचा अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. जामखेडच्या किंवा अकोल्यातल्या डोंगरगावच्या बापाने एका चौकशीसाठी नगर गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. मग ऐकीव माहितीवरच भिस्त राहते. म्हणून सर्वांत जास्त कानावर येणारी वाक्ये घेऊन बोलू.

‘आपण ओपनवाले, आपल्याला कसली शिष्यवृत्ती?’

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो आणि ते सर्वांत जास्त नुकसान करते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना मुळात खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठीच आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची निम्मी रक्कम सरकार भरते. शाहू महाराजांचे नाव आहे म्हणजे ही योजना फक्त मागासवर्गीयांची, असे समजून कितीतरी जण ते पान उघडतच नाहीत.

यालाच चिकटलेला दुसरा गैरसमज जमिनीचा. ‘आमच्या सातबाऱ्यावर सहा एकर आहे, आम्ही बसत नाही.’ पाच एकरांची अट आहे ती केंद्र सरकारच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला. शाहू योजना जमीन पाहत नाही, उत्पन्न पाहते. आणि शेतीचे उत्पन्न म्हणजे कारखान्याकडून आलेले उसाचे पूर्ण बिल नव्हे. तलाठ्यांच्या अहवालावरून तहसीलदार उत्पन्नाचा दाखला देतात, अर्जाला तोच दाखला लागतो. तो चालू आर्थिक वर्षाचा हवा. गेल्या वर्षीचा दाखला जोडला म्हणून परत आलेले अर्ज दरवर्षी दिसतात. सेतू केंद्रात जुलैमध्ये झुंबड उडते, तेव्हा हा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवलेला बरा. एक मात्र लक्षात ठेवा, या योजनेचा लाभ कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळतो.

अल्पभूधारक शेतकऱ्याची किंवा नोंदणीकृत मजुराची मुले व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घरापासून लांब राहत असतील, तर त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे. शाहूचा अर्ज भरणारी मुले हिचा अर्ज भरायला विसरतात. तो स्वतंत्र भरावा लागतो. आणि गाव दुष्काळग्रस्त किंवा अतिवृष्टीग्रस्त जाहीर झाले असेल, तर सवलतींच्या यादीत विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफीही असते. कॉलेजात जाऊन ती मागावी.

‘मुलींना आता सगळे फुकट आहे’

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी ही सवलत निम्मी होती. निर्णय मोठा आहे. पण ‘सगळे फुकट’ हे खरे नाही, आणि त्या समजुतीने घरात नंतर रडारड होते. वसतिगृह, मेस, विकास शुल्क यांचे पैसे भरावेच लागतात. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला ही माफी नाही. गावाजवळच्या कॉलेजात ‘आताच पक्के करून टाका’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून कॅप सोडणारी मुलगी चार वर्षांची माफी एका दुपारी गमावते.

दुसरीकडे, प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली म्हणून माघारी फिरणारे बापही आहेत. या योजनेतल्या मुलींकडून माफीची रक्कम आगाऊ घेऊ नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिलेल्या आहेत. ज्या सावित्रीबाईंचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण याच नगर शहरात, मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत घेतले होते. त्याच जिल्ह्यातल्या मुलीने खिडकीवरच्या एका तोंडी उत्तरावर घरी परत जावे, हे मला सहन होत नाही. तोंडी उत्तर घेऊन उठू नका. मागणी लेखी मागा.

‘पासबुकाची झेरॉक्स दिली आहे, पैसे येतीलच’

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. पैसे झेरॉक्सवरच्या खात्यात येत नाहीत. ते आधारशी जोडलेल्या, म्हणजे डीबीटीसाठी ‘सीडिंग’ झालेल्या खात्यात येतात, आणि असे खाते एका वेळी एकच असते. बँकेने केवायसीसाठी आधारची प्रत घेतली म्हणजे सीडिंग झाले असेही नाही. ती वेगळी नोंद आहे आणि तिच्यासाठी बँकेत वेगळी संमती द्यावी लागते. पाथर्डीकडची एक मुलगी ‘शिष्यवृत्ती आलीच नाही’ म्हणत दोन बँकांची पासबुके घेऊन बसली होती. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडले, तर तिसऱ्याच बँकेचे नाव. शाळेत असताना कुठल्याशा योजनेसाठी काढलेले शून्य शिलकीचे खाते. त्याचे पासबुक आईच्या ट्रंकेत होते. पैसे तिथे पोचलेले होते. तुमच्या आधारला सध्या कोणती बँक जोडलेली आहे, हे अर्ज भरण्याआधी पाहायला दोन मिनिटे लागतात.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची. सायबर कॅफेत गर्दी असते, ओटीपी पटकन हवा असतो, म्हणून तिथला माणूस स्वतःचा किंवा दुकानाचा नंबर टाकून प्रोफाइल उघडतो. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. पण पुढे अर्जात त्रुटी निघाली की संदेश त्याच्या फोनवर जातो आणि शेकडो संदेशांत हरवतो. पासवर्डही त्याच्याच वहीत. मुलगा मात्र समजत असतो की अर्ज भरला, काम झाले. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथले क्लार्क आणि प्राचार्य तपासून तो पुढे विभागाकडे पाठवतात. यातल्या कुठल्याही टप्प्यावरून तो त्रुटीसह परत येऊ शकतो, ‘सेंट बॅक’ होतो, आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर त्या वर्षापुरता संपतो. दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नाही, गुणपत्रिका अस्पष्ट आली, गॅपचे प्रमाणपत्र नाही, अशा साध्या गोष्टी असतात. स्वतःचा नंबर, स्वतःचा पासवर्ड, आणि दर आठवड्याला एकदा लॉगिन करून पाहणे, एवढ्याने बहुतेक अर्ज वाचतात.

आणि दरवर्षी नूतनीकरण. पहिल्या वर्षी अर्ज मंजूर झाला म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत आपोआप चालू राहतो, असे अजिबात नाही.

‘खात्यात आले म्हणजे आपले पैसे’

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पद्धत २०२१ पासून बदलली आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्यांसाठी ही योजना आहे. केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. जमा झालेल्या रकमेत निर्वाह भत्ता तुमचा असतो. शुल्काचा भाग मात्र कॉलेजचा असतो, आणि तो सात दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. घरात कुणाचे आजारपण निघते, बियाणे घ्यायचे असते, पैसे त्यात जातात. मग टीसी मागायला गेल्यावर थकबाकी समोर येते. रक्कम जमा झाल्याचा संदेश आला की त्याच आठवड्यात फी भरून पावती घ्या. उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर ‘आता काहीच नाही’ असे समजू नका. फ्रीशिप योजनेत शुल्क माफ होते.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून शिक्षण सोडणारी मुले अजून भेटतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गांतल्या नेमक्या अशाच मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी तशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. जेवण, राहणे आणि निर्वाह यांची रक्कम खात्यात येते. अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर मुलांना यासाठी नगरला यायची गरज नाही. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय राजूरलाच आहे.

‘कॉलेजात नाव लागले, आता परीक्षेलाच जायचे’

फी भरली, ओळखपत्र मिळाले, की प्रवेश झाला असे वाटते. पण जिल्ह्यातली पारंपरिक कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत, आणि विद्यापीठाच्या दप्तरी नोंद होणे हे वेगळे काम आहे. तिथे पात्रता तपासली जाते आणि कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन मिळतो. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांची पात्रता इथे अडकते, कारण स्थलांतर प्रमाणपत्र दिलेले नसते. शिवाय परीक्षा अर्ज प्रत्येक सत्राला वेगळा भरायचा असतो. शिष्यवृत्ती आहे म्हणून तो आपोआप भरला जात नाही.

नवीन धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत चार वर्षांची रचना आली, आणि ‘आता डिग्रीला चार वर्षे लागणार, मुलीला कशाला घालायचे’ असे पालक म्हणू लागले. तीन वर्षांनी पदवी मिळतेच. चौथे वर्ष ऑनर्ससाठी, ज्याला हवे त्याने करावे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊनही बाहेर पडता येते, त्यासाठीचे जादा क्रेडिट पूर्ण केले तर. मिळवलेले क्रेडिट एबीसी म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे धरले जातात. लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे मध्येच थांबलेल्या मुलीला परत येण्याचा हा मार्ग आहे, म्हणून एबीसीचा क्रमांक काढायचा कंटाळा करू नका.

एका वेळी दोन पदव्या घेता येत नाहीत, हेही आता जुने झाले. युजीसीने २०२२ मध्ये तशी परवानगी दिली. दोन्ही वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही नियमित, नाहीतर एक नियमित आणि एक दूरस्थ.

‘जमीन गहाण ठेवल्याशिवाय शैक्षणिक कर्ज नाही’

४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्राची पतहमी योजना आहे, तिच्यात बसणाऱ्या कर्जालाही तारण किंवा बाहेरचा जामीनदार लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर तोवरचे व्याज केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून मिळू शकते. निवडक संस्थांसाठी २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली आहे. गावातल्या शाखेने तोंडी नाही म्हटले तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. तिथे नकार द्यायचा तर कारण नोंदवावे लागते. सावकाराकडे जाण्याआधी एवढे करून बघा.

‘प्रवेश रद्द केला तर फीही बुडते आणि दाखलेही अडकतात’

युजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे कॉलेजने मूळ कागदपत्रे तपासून लगेच परत द्यायची असतात. ठेवून घेता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी किंवा त्याहून लवकर प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून फार तर ५ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्या १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि पुढे काही नाही. कॅपमधून झालेल्या व्यावसायिक प्रवेशांना सीईटी कक्षाचे वेगळे वेळापत्रक असते, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. नियम असूनही कुणी ऐकत नसेल, तर कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे युजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. अर्ज लेखी करा, दोन प्रती काढा, आणि स्वतःजवळ ठेवायच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.