दिल्लीतील अभिलेखागारे व संग्रहालयांत इंटर्नशिप : इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अर्जापूर्वी काय पाहावे

तुम्ही इतिहास घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करत आहात, शिष्यवृत्तीवर शिकत आहात आणि दिल्लीतील एखाद्या अभिलेखागाराच्या किंवा संग्रहालयाच्या इंटर्नशिपची जाहिरात तुमच्या पाहण्यात आली आहे. अशा वेळी पहिला प्रश्न पैशांचा असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू. या इंटर्नशिपला मानधन असेलच असे नाही. जाहिरातीत रकमेचा आकडा स्पष्ट लिहिलेला नसेल, तर मानधन नाही असेच धरून घरखर्चाचा हिशेब करा. "तिथे गेल्यावर काहीतरी मिळेल" या भरवशावर रेल्वेचे तिकीट काढू नका.

मग जायचे कशासाठी? दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे पदवीला लागणारे क्रेडिट. दुसरी म्हणजे मूळ कागद हाताळण्याचे कौशल्य, जे वर्गात बसून येत नाही. या दोन्ही गोष्टी पदरात पडणार असतील तरच खर्च करण्यात अर्थ आहे.

नावावरून होणारा गोंधळ

"इंटर्नशिप" हा शब्द असलेल्या सरकारी योजना आता बऱ्याच झाल्या आहेत आणि विद्यार्थी एका योजनेचे नियम दुसरीला लावतात. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. ती देशातील ५०० मोठ्या कंपन्यांमधील बारा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आहे. प्रायोगिक टप्प्यात दरमहा ५,००० रुपये आणि २१ ते २४ ही वयोमर्यादा ठरवण्यात आली. पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना त्या टप्प्यात अर्ज करता येत नव्हता, दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकणाऱ्यांना येत होता. अभिलेखागारातील इंटर्नशिपशी या योजनेचा संबंध नाही. पुढच्या फेऱ्यांत अटी बदलू शकतात, त्यामुळे अर्ज करताना योजनेच्या पोर्टलवरील त्या वेळच्या अटी वाचा.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबाबतही असेच होते. २०२४ च्या शासन निर्णयात पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन आहे, पण शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र नाही. ही योजना पदवी हातात आल्यानंतर उपयोगाची. शिकत असताना तुमचा मार्ग विद्यापीठामार्फत जातो.

क्रेडिटचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यात इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट ठेवलेले आहेत. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचे काम. महाराष्ट्रातील विद्यापीठांत हेच काम बहुधा ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, या नावाने येते. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४ क्रेडिट असतात. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. दिवसाला सहा तास काम धरले तर २० कामाचे दिवस होतात. आठवड्याला पाच दिवस कार्यालय उघडे असेल तर चार आठवडे. याचा अर्थ दिल्लीत तीन महिने राहण्याची गरज नाही; उन्हाळी सुट्टीतला एक महिना पुरतो. खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांचा अंदाज याच एका महिन्यावर करा.

मात्र एक अट पाळा. संस्थेत रुजू होण्याआधी विभागप्रमुखांकडून किंवा महाविद्यालयातील इंटर्नशिपच्या नोडल अधिकाऱ्यांकडून लेखी मान्यता घ्या. आधी काम करून नंतर प्रमाणपत्र दाखवले तर विद्यापीठ ते नाकारू शकते. मग तुमचे तास आणि पैसे दोन्ही वाया जातात. मान्यतेच्या पत्रात संस्थेचे नाव, तारखा, एकूण तास आणि किती क्रेडिट मिळणार हे लिहून घ्या. क्रेडिट शेवटी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, तेव्हा तिथले तुमचे खाते उघडलेले आहे आणि त्यावरचे नाव गुणपत्रिकेप्रमाणेच आहे, एवढे पाहून ठेवा.

शिष्यवृत्ती घेत असाल तर समाजकल्याण कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात आधी विचारा की हा महिना हजेरीत कसा धरला जाईल. मान्यतेच्या पत्राची प्रत तिथे दिलेली असेल तर नंतर वाद होत नाही.

कुठे जाता येते

दिल्लीत इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे जनपथवरील राष्ट्रीय अभिलेखागार. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात "इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट" म्हणून त्याची सुरुवात झाली. राजधानी दिल्लीला आल्यावर लट्यन्सने आखलेली आताची इमारत १९२६ मध्ये पूर्ण झाली. केंद्र सरकारचे कायम जपायचे कागद २५ वर्षांनंतर इथे येतात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने तसे बंधन घातले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनच्या फायली इथे आहेत. याच अभिलेखागाराने १९११ पासून "कॅलेंडर ऑफ पर्शियन करस्पॉन्डन्स" ही मालिका प्रसिद्ध केली. कंपनीच्या फारसी पत्रव्यवहाराचे इंग्रजी सारांश तिच्यात आहेत आणि महादजी शिंद्यांच्या काळातील दिल्लीचे राजकारण अभ्यासणाऱ्याला ती टाळता येत नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही दिल्लीत उपरे नाही.

जनपथवरच राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रपती भवनात झाली आणि १९६० मध्ये ते आताच्या इमारतीत आले. संग्रहात दोन लाखांहून अधिक वस्तू आहेत. प्रत्येक वस्तूची नोंद, मोजमाप, छायाचित्र आणि वर्णन लागते, त्यामुळे नोंदणीचे काम संपत नाही. नोंदणीच्या संगणकीकरणासाठी भारतीय संग्रहालयांत वापरली जाणारी "जतन" ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने तयार केली आहे.

बाकीची ठिकाणे थोडक्यात सांगतो. तीन मूर्ती भवनातील प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय (२०२३ पर्यंत नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय) विसाव्या शतकातील खासगी कागदपत्रांसाठी महत्त्वाचे. दिल्ली सरकारचे स्वतःचे अभिलेखागार कुतुब इन्स्टिट्यूशनल एरियात आहे. शहराच्या इतिहासावर काम करायचे असेल तर तिथे विचारा. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र, लोधी इस्टेटमधील इंटॅक आणि काश्मिरी गेटजवळील दारा शुकोह ग्रंथालयाच्या इमारतीतील फाळणी संग्रहालय यांचीही चौकशी करता येते. दिल्ली विद्यापीठात शिकत असाल तर कुलगुरू इंटर्नशिप योजनेची सूचना आधी पाहा. तिच्यात मानधन असते.

जागा किती, कधी आणि कोणाला, हे प्रत्येक संस्था वेळोवेळी स्वतःच्या संकेतस्थळावर कळवते. दर वर्षी एकच तारीख असते असे समजू नका.

काम नेमके कसले असते

चित्रपटातल्यासारखा कुणी तुमच्या हाती शिवकालीन पत्र देणार नाही. पहिले काही दिवस तर बहुधा यादी तपासण्यात जातात. फाइलचा क्रमांक, खाते, वर्ष, विषय, पानांची संख्या; स्कॅन केलेली प्रतिमा आणि यादीतील नोंद जुळते का; मधले एखादे पान सुटले आहे का. काम कंटाळवाणे वाटते, पण नोंद चुकीची असेल तर ती फाइल पुढच्या अभ्यासकासाठी हरवल्यासारखीच असते.

एक उदाहरण घ्या. राष्ट्रीय अभिलेखागाराचे "अभिलेख पटल" हे पोर्टल २०१५ मध्ये सुरू झाले. तिथे विनामूल्य नोंदणी करून फायलींचा शोध घेता येतो आणि डिजिटल झालेली पाने पाहता येतात. पण जुन्या फायलींची शीर्षके त्या काळच्या इंग्रजांनी लिहिलेली आहेत. पुणे तिथे "पूना" असते, शिंदे "सिंदिया" होतात, नागपूरकर भोसले "बेरारचे राजे" म्हणून येतात. आजच्या नावाने शोधणाऱ्याला यांतले फारसे सापडत नाही. एका माणसाच्या नावाची पाच स्पेलिंगे एकत्र जोडून ठेवणे हे डिजिटल संशोधनातले खरे काम आहे आणि त्यासाठी संगणकापेक्षा इतिहास जास्त माहीत असावा लागतो. मराठी घरातला विद्यार्थी ही नावे चटकन ओळखतो.

याच कारणाने तुमच्याकडे मोडी असेल तर ती अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा. मोडी वाचणारे थोडे आहेत आणि मोडी कागदांचे ढीग मोठे आहेत. यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयोग सुरू आहेत, पण यंत्राने वाचलेले बरोबर की चूक हे सांगायला मोडी जाणणारा माणूसच लागतो. मोडी येत नसेल तर महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे किंवा विद्यापीठातर्फे होणाऱ्या प्रशिक्षण वर्गाची चौकशी करा. आमच्या मते दिल्लीचा खर्च करण्याआधी हा वर्ग करावा. नुसत्या "इतिहासाची आवड आहे" या वाक्यापेक्षा त्याचे वजन अधिक पडते.

अर्जासोबत काय लागते

ओळखपत्र, चालू वर्षाचे बोनाफाइड, गुणपत्रिका, विभागप्रमुखांचे शिफारसपत्र आणि एका पानाचा अर्ज एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. अर्जात सर्व कालखंडांची आवड लिहिण्यापेक्षा कोणत्या विभागात काम करायचे ते लिहा: अभिलेखांची यादी, डिजिटल नोंद, संवर्धन, की ग्रंथालय. कोणत्या तारखेपासून किती तास देऊ शकता तेही लिहा. वाचता येणाऱ्या भाषा आणि लिप्या स्वतंत्र ओळीत द्या. शिफारसपत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह असावे. साध्या कागदावरचे पत्र परत येते आणि मधले पंधरा दिवस फुकट जातात.

इंटर्नशिप मिळवून देण्यासाठी कुणी शुल्क मागितले, तर देऊ नका. आमच्यामार्फत राष्ट्रीय संग्रहालयात जागा पक्की, असे सांगणारा निरोप मोबाइलवर आला तर तो थेट संस्थेच्या कार्यालयात पडताळून घ्या. आधार क्रमांक आणि बँक तपशील निवडीचे अधिकृत पत्र हाती आल्याशिवाय पाठवू नका.

राहण्याबद्दल एक गैरसमज नेहमी कानावर येतो. महाराष्ट्र सदने ही शासनाची अतिथिगृहे आहेत, महिनाभराचे वसतिगृह नव्हे. शिकत असलेल्या ओळखीच्या विद्यार्थ्यासोबत किंवा मेट्रोमार्गाजवळच्या पेइंग गेस्टमध्ये सोय पाहा. दिल्ली मेट्रोत विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा पास नाही. स्मार्ट कार्डवर भाड्यात १० टक्के सूट मिळते, तेवढाच आधार.

दिल्ली जमत नसेल तर

घरची शेतीची कामे, लहान भावंडे, किंवा एवढे पैसेच नाहीत, अशी अडचण असेल तर लाजू नका. क्रेडिटसाठी दिल्लीच हवी असे कुठेही लिहिलेले नाही. पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत, जे पाहायला दिल्लीतले अभ्यासकही येतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यातच आहे. गावातून एसटीने जाऊन परत येता येत असेल तर ४ क्रेडिट तिथेही मिळवता येतील. मान्यतेचे पत्र मात्र इथेही आधीच घ्यायचे.

आणि कुठेही गेलात तरी कामाची वही ठेवा. तारीख, आल्याची व गेल्याची वेळ, हाताळलेल्या फायलींचे क्रमांक, पर्यवेक्षकाची आठवड्याला एक सही. अनेक वाचनकक्षांत शाईचे पेन चालत नाही, तेव्हा शिसपेन्सिल सोबत असू द्या आणि सही बाहेर आल्यावर पेनने घ्या. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडले की तिथेच वाचा: "एक महिना काम केले" एवढेच असेल तर एकूण तासांचा आकडा टाकून मागा, कारण विद्यापीठ क्रेडिट मोजते ते तासांवर.