‘मी पुस्तक वाचलो’ म्हटलं तर बिघडलं कुठं?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात माझं डीटीपीचं आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, संस्थांचे वार्षिक अहवाल, असं येईल ते काम करते. या धंद्यामुळे शब्दांवरून भांडणारी माणसं दुकानात बसल्या-बसल्या भेटतात. पूर्वी ती काउंटरवरच भांडायची. आता मोबाइलवर ग्रुपमध्ये भांडून घेतात आणि मग स्क्रीनशॉट दाखवत विचारतात, “ताई, तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?”

यातल्या निम्म्या जणांना आपण कशावरून भांडतोय हेच ठाऊक नसतं. एक जण वेलांटीबद्दल बोलत असतो, दुसरा अर्थाबद्दल, तिसरा समोरच्याच्या गावाबद्दल. तिघांच्याही तोंडी शब्द मात्र एकच, ‘शुद्ध’.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दुकानदारांच्या ग्रुपवर बाइंडिंगवाल्या चाचांनी बातमी टाकली, की त्या दोघांचा ‘राजीनामा हो गया’. दोन भाऊबंदांचा गाळ्यावरून वाद होता, तो मिटला, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण मराठी मंडळींनी विचारायला सुरुवात केली, राजीनामा कोणी दिला? संघटनेचा अध्यक्ष गेला की काय? कोणी तरी श्रद्धांजलीच्या चालीवर आभाराचा मजकूरही टाकून मोकळा झाला. मग चाचा चिडले. राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, तुम्ही लोकांनी शब्दाचा सत्यानाश केलाय, असं त्यांचं म्हणणं. इकडून उत्तर गेलं, शब्द आमचा आहे, शासनाच्या कागदावर बघा.

दोघंही बरोबर होते. फारसीत ‘राजीनामा’ म्हणजे संमतीचा लेख. उर्दूत आणि कोर्टकचेरीत तो तडजोडीचा कागद झाला. मराठीत त्याच शब्दाला पद सोडण्याचा अर्थ चिकटला आणि तोच टिकला. असे शब्द आमच्या शहरात पावलोपावली सापडतात, कारण इथे दोन्ही भाषा एका भिंतीला पाठ लावून राहतात. ‘शिकस्त’ म्हणजे उर्दूत पराभव. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो आणि जिंकतोही. ‘बरदाश्त’ म्हणजे सहन करणं. त्याच शब्दाची मराठीत ‘बडदास्त’ झाली आणि आपण पाहुण्यांची ती ठेवू लागलो. (काही पाहुण्यांच्या बाबतीत मूळ अर्थच जास्त जवळचा वाटतो, ते सोडा.) ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत ती लाल मातीत गेली, नाहीतर नाटकाच्या हॉलमध्ये. ‘खून’ म्हणजे रक्त, मराठीत सरळ जुन्या दंडसंहितेचं तीनशे दोन कलम.

संस्कृतातून आलेल्या शब्दांचंही तेच झालंय. ‘चेष्टा’ म्हणजे मुळात हालचाल, खटपट. आपण ती एकमेकांची करतो. ‘संसार’ म्हणजे सगळं जग. मराठीत त्याची भांडीकुंडी झाली. ‘यातायात’ हा हिंदीत वाहतुकीचा शब्द, मराठीत निव्वळ त्रास. जालना रोडवर संध्याकाळी दोन्ही अर्थ एकदमच कळतात. तेव्हा ‘मूळ अर्थ अमुक आहे, म्हणून तुमचा चूक’ हा युक्तिवाद टिकत नाही. तो नेटाने चालवायचा तर मराठीतले अर्धेअधिक शब्द परत करावे लागतील.

परत करण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे शब्द त्यांच्याच पर्यायांतले, आणि ते इतके रुळले की त्यांच्या विचारांशी भांडणारी माणसंही अर्जावर ‘दिनांक’च लिहितात. माधव जूलियनांचा प्रवास आणखी गमतीचा. त्यांनी 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश केला, आणि 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून ते शुद्धीच्या बाजूला उभे राहिले. ‘तारीख’ मात्र गेली नाही. माझ्याकडच्या पत्रिकांवर ‘दिनांक’ छापतात आणि फोनवर विचारतात, “तारीख बरोबर पडली ना?”

अर्थाच्या भांडणात कोश हाताशी असावा, पण त्याच्याकडून काय मिळतं हे ओळखून. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड 1932 ते 1938 या काळातले. लोक शब्द कसा वापरतात ते या मंडळींनी गोळा केलं. कोशकार न्यायाधीश नसतो, पंचनामा करणारा असतो. म्हणून एखादा अर्थ कोशात नाही एवढ्यावरून तो चूक ठरत नाही, आणि जुन्या कोशात आहे म्हणून आज चालेलच असंही नाही.

लेखनाचं मात्र वेगळं. तिथे छापील नियम आहेत आणि भांडण पाच मिनिटांत मिटू शकतं. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम राज्य शासनाने 1962 साली स्वीकारले, 1972 मध्ये त्यांत आणखी चार घातले. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं तेव्हा माझ्याकडे लेटरहेड, शिक्के आणि पावतीपुस्तकांची रांग लागली. त्यात ‘छत्रपती’ की ‘छत्रपति’ यावर रोज वाद. संस्कृतात ‘पति’ ऱ्हस्व आहे. मराठीत असा तत्सम शब्द सुटा लिहिला की शेवटची वेलांटी दुसरी. म्हणून मराठी पाटीवर ‘छत्रपती’, हिंदी पाटीवर ‘छत्रपति’, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फोनच्या कीबोर्डला मात्र हा फरक कळतोच असं नाही, तो हिंदी रूप पुढे करतो आणि आपण घाईत ते स्वीकारतो.

काही ठिकाणी एवढ्याशा खुणेने माणूस बदलतो. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ या दोन वेगळ्या पंगती आहेत. 5 सप्टेंबरला ‘शिक्षक दीन’ असा फ्लेक्स लागला की मास्तरांची परिस्थिती नको तितक्या स्पष्टपणे जाहीर होते. अशा चुका मी बिनदिक्कत सुधारते, ग्राहकाला विचारतही नाही.

पण हे नियम म्हणजे काही आकाशवाणी नव्हे. 1962 च्या आधी ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’ असे अनुस्वार देणं शुद्ध होतं आणि न देणारा अडाणी ठरायचा. आज उलट आहे. आपण सगळ्यांनी एका पद्धतीने लिहावं म्हणून केलेली ती तडजोड आहे, चाचांच्या अर्थाने राजीनामाच म्हणा.

आता बोलण्याकडे येते. मला राग येतो तो इथे.

मध्यंतरी एका ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, ‘आमच्याकडं पानी आलं नाही, तुमच्याकडं आलं का?’ नळाच्या पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे या शहरात कोणाला सांगायला नको. त्यावर पहिलं उत्तर आलं, ‘पाणी असतं ते, पानी नाही.’ खाली हसणारे चेहरे. पाणी आलं की नाही ते कोणीच सांगितलं नाही. बाईंनी त्यानंतर ग्रुपवर लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

संस्कृतात हा शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृताची खोडच अशी, की ‘न’चा ‘ण’ करायचा. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, आणि त्या राजवंशातल्या हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच प्राकृतातली. म्हणजे आज ज्या ‘ण’चा तोरा मिरवतो, तो संस्कृत पंडितांच्या हिशेबी अपभ्रंशच. आमच्या नळाला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं. त्यातला ‘ण’सुद्धा तिकडूनच आला म्हणायला हरकत नाही.

‘मी पुस्तक वाचलो’ या वाक्यावर तर अख्ख्या महाराष्ट्रात विनोद होतात. “कशातून वाचलास?” असं विचारतात. लातूर, नांदेड, सोलापूरकडची मुलं इथल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करायला येतात, त्यांना हे फार ऐकावं लागतं. लेखी प्रमाण मराठीत ‘मी पुस्तक वाचलं’ हेच लिहायचं, यात वाद नाही. क्रियापद तिथे पुस्तकाकडे बघतं. पण मग ‘मी धडा शिकलो’, ‘मी दूध प्यालो’, ‘मी नाव विसरलो’ ही वाक्यं प्रमाण कशी? तिथे तर क्रियापद बोलणाऱ्याकडेच बघतं. व्याकरणाने ‘शिकणे’, ‘पिणे’, ‘विसरणे’ अशा मोजक्या क्रियापदांना ही सूट दिलेली आहे. सीमेकडच्या बोलीने ती सगळ्यांना देऊन टाकली. शेजारच्या तेलुगू आणि कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याकडेच बघून बदलतं, आणि आमची दखनी उर्दूसुद्धा ‘मैं रोटी खाया’ म्हणते, ‘मैंने खाई’ नव्हे. त्याच दखनीने मराठीकडून ‘नक्को’ घेतलं आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’ही घेतला. देवाणघेवाण अशी दोन्हीकडून चालते.

परभणीचा माणूस ‘जेवायलो’ म्हणेल, आमच्या वैजापूरचा ‘जेवू राहिलो’, पुण्याचा ‘जेवतोय’. तिघांचंही ताट समोर आहे, तिघांनाही व्याकरण आहे. पुण्याच्या व्याकरणाचं पुस्तक निघालं, बाकीच्यांचं निघालं नाही, फरक एवढाच.

मला या बाबतीत एकनाथ महाराज फार जवळचे वाटतात. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलाकारांनी घातलेले चुकीचे पाठ निवडून त्यांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शब्द न् शब्द तपासणारा माणूस. आणि त्याच माणसाने भारुडं लिहिली तेव्हा त्यांत जोशी, महारीण, वासुदेव ज्याच्या त्याच्या बोलीत बोलले. पोथीतल्या शब्दाला लावलेली शिस्त त्यांनी चालत्या-बोलत्या माणसाला लावली नाही.

म्हणून स्क्रीनशॉट घेऊन येणाऱ्यांना मी एकच सांगते. ग्रुपवर कोणी पाण्याची, दवाखान्याची, बसची चौकशी केली तर आधी त्याचं उत्तर द्या. वेलांटी फार खुपत असेल तर त्याला एकट्याला निरोप पाठवा, दोनशे जणांसमोर नको. आणि सुधारण्याची हौस असेल, तर ती फलकांवर भागवा. 17 सप्टेंबरला चौकाचौकांत ‘मुक्ती संग्राम दिन’ झळकतो. ‘मुक्ती’ सुटा असेल तर दुसरी वेलांटी बरोबर, पण इथे समास आहे, शब्द जोडून लिहायचा आणि ‘ति’ला पहिली द्यायची: ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. फ्लेक्सची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं बघून घ्या. एकदा छापला की बदलून मिळत नाही.