पेशीला झटका, पेशंटला नाही : सिकलसेलचा नवा उपचार समजून घेताना

जालन्याच्या मस्तगड भागात एका आजींनी आम्हाला थांबवलं. जय भीम झाला, पाणी झालं आणि मग खरा विषय निघाला. लेक देऊळगाव राजाकडे दिलेली, नातवाला सिकलसेल. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं की विजेचा झटका देऊन हा आजार आता बरा होतो. "लेकराला करंट द्यायचा का हो भाऊ? आणि पैसे किती लागतात? थोडी जागा आहे, विकता येईल."

त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर सांगतो.

सिकलसेल आपल्या समाजाला नवा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद छापली. पुढच्या तपासण्यांत विदर्भातल्या आदिवासींबरोबरच बौद्ध कुटुंबांतही तो ठळकपणे दिसला. जालना बुलढाण्याला लागून आहे आणि सोयरीक जिल्ह्याची हद्द पाहत नाही. यात पाप नाही, कुणाची नजर नाही, सुनेचा पायगुण तर नाहीच. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन सदोष जनुक आले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात.

आता झटक्याचं. हा झटका माणसाला देत नाहीत. रुग्णाच्या रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत त्या पेशींना झटका देतात. पेशीभोवतीचा तेलकट पापुद्रा फक्त ५ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या साधारण दहा हजाराव्या हिश्शाएवढा. तरी तो मोठे रेणू आत येऊ देत नाही. विजेचा अगदी क्षणभराचा ठोका दिला की त्याला सूक्ष्म छिद्रं पडतात, औषधाचे रेणू आत शिरतात आणि पापुद्रा परत मिटतो. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. एबरहार्ड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली याच रीतीने उंदराच्या पेशींत जनुक घालून दाखवला.

खरी कसोटी मोजमापाची आहे. ठोका कमी पडला तर काही आत जात नाही, जास्त झाला तर पेशी मरते. म्हणून शास्त्रज्ञ पेशींच्या पाण्यात एक रंग घालतात. धडधाकट पेशीत तो शिरत नाही. शिरला की आतल्या डीएनएला चिकटून लाल चमकतो. किती पेशी चमकल्या ते यंत्र मोजतं. पण मेलेली पेशीसुद्धा चमकते! त्यामुळे नुसती चमक मोजून भागत नाही. छिद्रं मिटल्यावर, काही तासांनी, जिवंत किती उरल्या तेही मोजावं लागतं. शिवाय रंगाचा रेणू लहान आणि जनुक कापणारं प्रथिन त्याच्या कितीतरी पट मोठं. रंग गेला म्हणून प्रथिनही गेलं असं धरता येत नाही. म्हणून शेवटी किती पेशींत जनुकाचा बदल झाला तेच तपासतात.

या रीतीवर उभा असलेला 'कॅसजेव्ही' हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. तेव्हा ती मंजुरी १२ वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी होती. आत गेलेलं प्रथिन एका ठिकाणी कापतं आणि बाळ पोटात असताना असतं तसं हिमोग्लोबिन शरीर पुन्हा बनवू लागतं. चाचणीत ज्यांची पुरेशी पाहणी झाली होती अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान एक वर्ष तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मात्र दुरुस्त पेशी परत देण्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, कित्येक आठवडे दवाखान्यात राहावं लागतं. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, आपले १८ कोटींच्या वर. आजींची जागा त्यात कुठेच बसत नाही. दिल्लीच्या 'आयजीआयबी' या सरकारी संस्थेने 'बिरसा १०१' नावाचा देशी उपचार विकसित केला असून त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलं आहे. पण त्याच्या भरवशावर आज जागा विकू नका. आणि बाजारात कुणी 'करंटच्या मशीनने' सिकलसेल काढून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

एक गल्लत टाळा. रिपोर्टवर 'इलेक्ट्रोफोरेसिस' लिहिलेलं असतं ती नुसती तपासणी, विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहण्याची. एएस आलं तर माणूस वाहक, एसएस आलं तर आजारी. दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी पत्रिकेऐवजी हे कार्ड पाहा, असं आम्ही हजारदा म्हणू.

आजींच्या नातवाला आज हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, त्याचं प्रमाणपत्र काढण्याविषयी त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. धाकट्या नातीची तपासणीही राहिलेली होती. "सोमवारी नेते," आजी म्हणाल्या, आणि जावयाला फोन लावायला आत गेल्या.